जुना रिपोर्ट, आजची रात्र

मुंबई-गोवा महामार्गाच्या बातम्या वाचणाऱ्याला कासू ओळखीचं असतं ते हद्द म्हणून. पळस्पे ते इंदापूर या ८४ किलोमीटरच्या चौपदरीकरणाला २०११ साली हात लागला, आणि पुढे रखडलेल्या कामाची वाटणी झाली तेव्हा त्याचे दोन तुकडे पडले: पळस्पे ते कासू आणि कासू ते इंदापूर. पेण आणि नागोठण्याच्या मधलं, रोह्याच्या रेल्वेमार्गावरचं हे गाव त्यामुळे वर्षानुवर्षं छापून येत राहिलं. या रस्त्यावर बोललं जातं ते खड्ड्यांबद्दल, ठेकेदाराबद्दल आणि गणपतीतल्या कोंडीबद्दल. गाडी चालवणाऱ्याच्या झोपेबद्दल कुणी बोलत नाही. वास्तविक डोलवीचा पोलाद कारखाना, नागोठण्याचा पेट्रोकेमिकल प्रकल्प आणि रोह्याची धाटाव एमआयडीसी पाळ्यांवर चालतात. रात्रपाळी सुटलेला मोटारसायकलवाला, कंपनीची बस आणि कोकणात निघालेला ट्रक पहाटे याच पट्ट्यात समोरासमोर येतात. त्यांतल्या बहुतेकांच्या डोळ्यांवर झापड असते ती जागरणाची. काहींच्या डोळ्यांवर मात्र भरपूर झोपून उठल्यावरही असते, आणि अशांपैकी काहींच्या घरी कपाटात त्याचं कारण लिहिलेला कागद पडलेला असतो. ‘स्लीप अ‍ॅप्निया’ असं निदान लिहिलेला, तीन, पाच, कधी दहा वर्षांपूर्वीचा. इतक्या वर्षांनी त्यावर उपचार सुरू करण्यात काही अर्थ आहे का, हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो. माझं उत्तर होकारार्थी आहे. पण तो होकार भाबडा नसावा म्हणून पुरावे आणि आक्षेप दोन्ही तपासून घ्यायला हवेत.

आधी तो कागद नीट वाचायला हवा. झोपेच्या तपासणीत रात्रभर अनेक रेघा एकाखाली एक उमटत जातात. नाकातून येणाऱ्या-जाणाऱ्या हवेची रेघ मध्येच सपाट होते. त्याच वेळी छातीवरच्या आणि पोटावरच्या पट्ट्यांच्या रेघा हलत असतात, एक वर तर दुसरी खाली. म्हणजे माणूस श्वास घ्यायची धडपड करतो आहे, पण घसा मिटला आहे. थोड्या वेळाने ऑक्सिजनची रेघ उतरू लागते. मग मेंदूच्या लहरींत काही सेकंदांची खळबळ उडते, घसा उघडतो, हवेची रेघ एकदम उंच जाते आणि खोलीत मोठा घुर्रऽ असा आवाज होतो. माणसाला सकाळी यातलं काही आठवत नाही. किमान दहा सेकंदांच्या अशा अडथळ्यांची तासाची सरासरी काढतात. पाच ते पंधरा म्हणजे सौम्य, पंधरा ते तीस मध्यम, तीसच्या वर तीव्र. तीस हा आकडा कागदावर लहान दिसतो. पण त्याचा अर्थ दर दोन मिनिटांनी एकदा, आणि सात तासांच्या झोपेत दोनशे दहा वेळा असा होतो. सकाळची डोकेदुखी, रात्री लघवीला उठणं, गोळ्यांना दाद न देणारा रक्तदाब, दुपारी बोलता बोलता लागणारी डुलकी, या एरवी सुट्या वाटणाऱ्या तक्रारींचा धागा अनेकदा याच आकड्यापाशी येऊन मिळतो.

एवढं स्पष्ट निदान हातात असून माणूस वर्षानुवर्षं स्वस्थ का बसतो? आळस किंवा बेफिकिरी हे उत्तर सोपं आहे, पण मला ते अपुरं वाटतं. दुखणारा दात माणसाला दवाखान्यात नेतो, कारण दुखणं त्याचं त्यालाच कळतं. इथे आजार घडतो तेव्हा आजारी माणूस हजरच नसतो. साक्षीदार असते ती शेजारी झोपणारी व्यक्ती, आणि आपल्याकडे तिची साक्ष ‘घोरतोस किती!’ या थट्टेच्या पलीकडे फारशी जात नाही. वर घोरणं म्हणजे गाढ झोप हा समज पिढ्यान्‌पिढ्या मुरलेला. बाईच्या बाबतीत तर साक्षही नसते. रजोनिवृत्तीनंतर स्त्रियांमध्ये हा आजार वाढतो, पण त्यांची तक्रार बहुधा थकव्याची, झोपमोडीची किंवा डोकं जड होण्याची असते. ती ‘कामाचा ताण’ म्हणून निकालात निघते आणि तिच्या घोरण्याची बातमी घेऊन नवरा डॉक्टरकडे गेला, असं सहसा घडत नाही. त्यात तपासणीनंतरची वाट निसरडी. रिपोर्ट एका ठिकाणी, यंत्र विकणारा दुसऱ्या ठिकाणी, आणि मास्क बसत नाही म्हटल्यावर कुणाला फोन करायचा ते कुणीच सांगितलेलं नसतं. कासू-पेणकडच्या माणसाला प्रत्येक फेरीसाठी पनवेल, कामोठे किंवा नवी मुंबई गाठायची तर पाळीची सुट्टी टाकावी लागते. निदान झालं की काम झालं असं यंत्रणेलाही वाटतं आणि रुग्णालाही. म्हणून या उशिराचा दोष एकट्या रुग्णाच्या माथी मारणं मला न्याय्य वाटत नाही. आणि दोषाची ही भावना काढून टाकल्याशिवाय पुढचं पाऊल पडत नाही, कारण ‘तेव्हाच का नाही केलंस’ हे ऐकावं लागेल या धाकाने कित्येक जण डॉक्टरची पायरी पुन्हा चढतच नाहीत.

आता मुख्य मुद्दा. काही आजारांत उशीर म्हणजे निसटलेली संधी असते. गाठ पसरली की पसरली. स्लीप अ‍ॅप्नियाचा हिशोब तसा नाही. तो रोज रात्री नव्याने मांडला जातो. उपचार काय आहे हे पाहिलं की हे लक्षात येतं. घशाच्या ज्या भागाला हाडाचा आधार नाही, तो झोपेत स्नायू सैलावले की मिटतो. सी-पॅप नावाचं यंत्र नाकावरच्या मास्कमधून हवेचा हलका, सततचा दाब देऊन तो उघडा ठेवतं. ऑस्ट्रेलियातल्या सिडनीमध्ये कॉलिन सलिव्हन यांनी हा उपाय शोधला आणि १९८१ साली ‘लॅन्सेट’मध्ये पाच रुग्णांवरचा अनुभव प्रसिद्ध केला. त्याआधी तीव्र आजारावर खात्रीचा इलाज म्हणजे मानेला भोक पाडून श्वासनलिकेत नळी बसवणं. म्हणजे सी-पॅपवर गेलेली रुग्णांची पहिली पिढी सगळीच्या सगळी उशिरा सुरू केलेली होती. त्यांचा आजार आधीचा आणि यंत्र नंतरचं. तरीही त्या पाच जणांचे श्वास पहिल्याच रात्री मोकळे झाले. अपघातांवरच्या अभ्यासांचा २०१० सालचा एकत्रित आढावा सांगतो, की सी-पॅप वापरणाऱ्यांचा अपघाताचा धोका बराच खाली येतो आणि दिवसाच्या पेंगुळलेपणात एका रात्रीच्या उपचारानेही फरक दिसतो. झुरिकच्या संशोधकांनी २०११ मध्ये याची उलटी बाजू दाखवली: नीट यंत्र वापरणाऱ्यांनी ते थांबवलं, तर काही दिवसांत आजार परततो आणि दोन आठवड्यांत सकाळचा वरचा रक्तदाब सरासरी साडेआठ अंकांनी चढतो. दोन्ही निष्कर्ष एकत्र ठेवले की अर्थ उघड होतो. मागे केलेल्या उपचाराची शिल्लक पुढे चालत नाही. तशी मागे न केलेल्या उपचाराची थकबाकीही आजच्या रात्रीचा फायदा अडवत नाही.

पेणच्या खारेपाटात हे समजायला फार लांब जावं लागत नाही. खाडीचं पाणी शेतात शिरू नये म्हणून घातलेला बाहेरकाठा फुटला आणि दोन वर्षं कुणी बांधला नाही, तर गेलेली भातं परत येत नाहीत आणि खारवलेली जमीन गोडी व्हायलाही पावसाळे जावे लागतात. पण म्हणून आता बांधून काय उपयोग, असं कुठला शेतकरी म्हणत नाही, कारण पुढची उधाणाची भरती ठरल्या तिथीला येणारच असते. झोपेच्या आजारातही नुकसानीचा एक भाग मागे पडलेला असतो, आणि तो कबूल करायला हवा. वर्षानुवर्षं चढलेला रक्तदाब, हृदयाच्या ठोक्यांतला बिघाड यंत्र लावल्याने आपोआप पूर्ववत होत नाही. त्यांची औषधं चालूच ठेवावी लागतात. नियमित वापर करूनही काही थोड्या रुग्णांचा पेंगुळलेपणा उरतो. पण दुसऱ्या बाजूला, इटलीतल्या २०११ च्या एका छोट्या अभ्यासात तीव्र आजार असलेल्या, आधी उपचार न घेतलेल्या सतरा जणांना तीन महिने सी-पॅप दिल्यावर स्मरण आणि एकाग्रता सुधारली आणि मेंदूच्या काही भागांची झीज अंशतः भरून आल्याचं दिसलं. सतरा हा आकडा लहान आहे, त्यावर इमले बांधू नयेत. तरी ‘जे गेलं ते सगळंच गेलं’ या निराशेला उत्तर द्यायला तो पुरेसा आहे.

पहिला आक्षेप नेहमीचा: इतकी वर्षं काही झालं नाही, आता काय होणार? काही झालं नाही हे ठरवलं कुणी? ज्याला आपण कसे होतो हेच आठवत नाही, त्याने. पेंगुळलेपण हळूहळू येतं आणि माणूस त्यालाच आपला स्वभाव समजू लागतो. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयात डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी नेहमीच्या आरोग्य तपासणीला आलेल्या पस्तीस ते पासष्ट वयाच्या पुरुषांचा अभ्यास केला, तो २००४ साली प्रसिद्ध झाला. स्वतःला धडधाकट समजणाऱ्या या पुरुषांत झोपेत श्वास अडण्याचं प्रमाण १९.५ टक्के निघालं, आणि त्याबरोबर दिवसाची झोपही असणाऱ्यांचं ७.५ टक्के. भारतातल्या अभ्यासांचा अलीकडचा एकत्रित अंदाज प्रौढांमध्ये अकरा टक्क्यांच्या आसपास जातो. याचा अर्थ या अकरा टक्क्यांतला प्रत्येक जण उद्या कोसळणार असा नाही. संगीतकार बप्पी लाहिरी १५ फेब्रुवारी २०२२ ला मुंबईत वारले आणि डॉक्टरांनी कारण म्हणून हा आजार सांगितला, तेव्हा आठवडाभर सगळीकडे घोरण्याची भीती पसरली होती. ती आली तशी ओसरली. भीतीच्या जोरावर मास्क एक-दोन रात्री लावला जातो, पुढे नाही. म्हणून भीतीपेक्षा साधं कारण मला टिकाऊ वाटतं: उद्या दुपारी डोळे उघडे राहावेत आणि गाडी आपल्या लेनमध्ये राहावी.

दुसरा आक्षेप अभ्यासू माणसाचा आहे आणि तो अधिक जड आहे. २०१६ साली ‘सेव्ह’ नावाच्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष आले. भारतासह सात देशांतले, आधीच हृदयविकार किंवा पक्षाघात झालेले आणि मध्यम ते तीव्र स्लीप अ‍ॅप्निया असलेले २,७१७ रुग्ण तिच्यात होते. सी-पॅप मिळालेल्या गटात हृदयाचे झटके, पक्षाघात किंवा मृत्यू कमी झाले नाहीत. त्याआधी स्पेनमधल्या २००५ च्या निरीक्षणात, दहा वर्षांच्या पाठपुराव्यात, उपचार न घेतलेल्या तीव्र आजाराच्या पुरुषांमध्ये हृदयविकाराने होणारे मृत्यू जास्त आणि सी-पॅप घेणाऱ्यांत कमी दिसले होते. पण स्वखुशीने यंत्र वापरणारा माणूस गोळ्याही वेळेवर घेतो आणि चालायलाही जातो, त्यामुळे अशा निरीक्षणावर पूर्ण विसंबता येत नाही. ‘सेव्ह’लाही तिच्या मर्यादा होत्या: वापर सरासरी फक्त तीन तास वीस मिनिटांच्या आसपास होता, आणि ज्यांना दिवसा फार झोप येते अशांना चाचणीत घेतलंच नव्हतं. मी यातून घेतो तो बोध असा, की हृदय वाचेल या वचनावर यंत्र विकू नये आणि घेऊही नये. त्याच चाचणीत घोरणं, दिवसाची झोप, मनःस्थिती आणि जगण्याची गुणवत्ता मात्र सुधारली. रक्तदाबही सी-पॅपने साधारण दोन-तीन अंकच उतरतो. जे मिळतं ते दिवसाच्या जागेपणात मिळतं, आणि पाळीवर जाणाऱ्या माणसासाठी ते थोडं नाही. शिवाय उशिरा सुरू करणाऱ्याच्या दृष्टीने हाच निष्कर्ष सोयीचा आहे; वीस वर्षांनी येणाऱ्या फायद्यासाठी उशीर घातक ठरला असता, उद्या येणाऱ्या फायद्यासाठी तो ठरत नाही.

तिसरा आक्षेप: यंत्र एकदा लावलं की जन्माचं बांधलं जाणार, त्यापेक्षा वजन उतरवतो, प्राणायाम करतो. वजनाचं म्हणणं खरं आहे. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनच्या दीर्घ अभ्यासात वजन दहा टक्क्यांनी घटलं तर श्वास अडण्याचा आकडा साधारण २६ टक्क्यांनी घटतो आणि तितकंच वाढलं तर ३२ टक्क्यांनी वाढतो, असं दिसलं. वजन उतरवणाऱ्या नव्या इंजेक्शनांपैकी टिर्झेपटाइडला अमेरिकेत २०२४ च्या डिसेंबरमध्ये लठ्ठपणासोबतच्या या आजारासाठी मान्यताही मिळाली. प्राणायामासारख्या श्वासाच्या व्यायामांत शंखवादनाचाही अनुभव आहे: जयपूरमध्ये मध्यम आजाराच्या तीस जणांवर केलेल्या, २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सहा महिने नियमित शंख फुंकणाऱ्यांची दिवसाची झोप कमी झाली आणि तासाला चार-पाच अडथळे घटले. पण तासाला चाळीस अडथळे असलेल्याचे चार-पाच घटले तर पस्तीस उरतात. माझी हरकत या उपायांना नाही, त्यांच्या आडून पुढे ढकलण्याला आहे. वजन उतरायला महिने लागतात आणि त्या महिन्यांत रोज रात्र होतेच. रात्री यंत्र आणि दिवसा चालणं यांचं वैर नाही. वजन खरोखर उतरलं तर पुन्हा तपासणी करून यंत्र सोडताही येतं. बांधलं जाण्याच्या भीतीला हेच उत्तर आहे.

चौथा आक्षेप पैशाचा आणि जागेचा, आणि तो मला सर्वांत रास्त वाटतो. बरं यंत्र घ्यायचं तर तीस-चाळीस हजारांची तयारी लागते आणि बऱ्याच आरोग्य विमा पॉलिसींत सी-पॅप न मिळणाऱ्या खर्चांच्या यादीत असतं. त्यात रायगडचा पावसाळा. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर जिल्ह्यातल्या कित्येक गावांत दिवसचे दिवस वीज नव्हती. एरवीही जोराचा पाऊस झाला की लाईट जाते. यंत्र बंद पडलं की घसा मिटतो, त्यात सवलत नाही. यावर तोडगे आहेत, पण ते विकत घेतानाच विचारावे लागतात: घरच्या इन्व्हर्टरवर यंत्र किती तास चालेल, हवा ओलसर करणारी टाकी बंद ठेवली तर किती वाचेल. कोकणातल्या जुलैत त्या टाकीची गरज अनेकांना भासतही नाही. उलट दमट हवेत नळीत पाणी साठतं आणि नळी वाळवली नाही तर बुरशीचा वास येतो. रस्त्याच्या कामाची धूळ खाणाऱ्या घरात हवेची गाळणी सांगितलेल्या मुदतीआधीच काळपट पडते. फिलिप्सला २०२१ च्या जूनमध्ये यंत्रातल्या फोमच्या अस्तरामुळे जगभरातून लाखो यंत्रं परत बोलवावी लागली; तेव्हा ओळखीतून मिळणारं जुनं यंत्र घेण्याआधी त्याचं मॉडेल तपासणं हा नसता संशय ठरत नाही. खर्च परवडत नसेल तर भाड्याने महिनाभर वापरून पाहणं, हा अनेक शहरांत उपलब्ध असलेला मार्ग मला अधिक शहाणपणाचा वाटतो.

मग माझ्या होकाराची अट कोणती? उशिरा सुरू करणाऱ्याने जुन्या आकड्यावर यंत्र घेऊ नये. मधल्या वर्षांत वजन बदलतं, रक्तदाब किंवा थायरॉइडचं निदान होतं, झोपेच्या गोळ्या सुरू होतात, दारू सुटते किंवा वाढते. कागदावरचा माणूस आता तोच राहिलेला नसतो. डॉक्टरांना जुना रिपोर्ट दाखवून नवी तपासणी करून घ्यावी आणि दाब नव्याने ठरवून घ्यावा. दुसरं, पहिला आठवडा सांभाळावा. सी-पॅपचा वापर टिकणार की सुटणार याचा कल पहिल्या काही रात्रींतच दिसू लागतो, हे संशोधनातून पुढे आलेलं आहे. मिशीमुळे मास्कच्या कडेने हवा सुटते, नाकाच्या दांड्यावर वळ उठतो, तोंड उघडं पडून घसा कोरडा होतो. या तक्रारी क्षुल्लक आहेत आणि यंत्र कपाटात जाण्याची खरी कारणंही त्याच आहेत. मास्कचा आकार बदलून किंवा पट्टा सैल करून त्या बहुधा सुटतात, फक्त त्या सांगायला माणूस हवा. तिसरं, तासांचा आग्रह. रोज चार तास ही जगभर वापरली जाणारी किमान मोजणी आहे, मुक्काम नव्हे. दिवसाच्या कामकाजातला फरक सहा-सात तासांच्या वापरापर्यंत वाढत जातो असं अभ्यास दाखवतात. रात्रपाळीवाल्याने दिवसाच्या झोपेतही मास्क लावायचा आहे, हे तर त्याला स्पष्ट शब्दांत सांगावं लागतं.

उरतो एक आक्षेप, जो मोठ्याने कुणी बोलत नाही. चालक म्हणतो, आजार सांगितला तर गाडी जाईल. आपल्याकडे वाहन परवान्याच्या वैद्यकीय दाखल्यात दृष्टी, रातांधळेपणा, ऐकू येणं, अवयवांचं व्यंग यांची विचारणा असते, झोपेची नसते. ब्रिटनमध्ये या आजारामुळे दिवसा फार झोप येत असेल तर ते परवाना खात्याला कळवावं लागतं, आणि उपचाराने ती आटोक्यात आली की गाडी चालवता येते. या नियमाचा दुसरा अर्धा भाग पहिल्याइतकाच मोलाचा आहे. फक्त विचारलं आणि उत्तर देणाऱ्याला घरी बसवलं, तर सगळे जण छान झोप लागते असंच सांगतील. म्हणून कारखान्यांच्या आणि वाहतूकदारांच्या वार्षिक तपासणीत झोपेचे आठ-दहा प्रश्न यावेत, आणि त्यांतून सापडलेल्या माणसाला शिक्षेऐवजी उपचाराची मुदत, यंत्रासाठी उचल आणि त्या काळापुरतं हलकं काम मिळावं असं मला वाटतं. यंत्र रोजच्या वापराचे तास आणि उरलेले अडथळे स्वतःच नोंदवून ठेवतं. अशी नोंद दाखवू शकणारा चालक, कधीच तपासणी न झालेल्या चालकापेक्षा रस्त्यावर अधिक भरवशाचा आहे. हा हिशोब मालकांना पटला, तर निदान लपवायचं कारण उरणार नाही आणि उपचार लांबण्याचं एक मोठं कारणही त्याबरोबर जाईल.